‘कलाकार : अज्ञात’ खोडण्यासाठी : कॉलेजच्या कलासंग्रहालयात बायकांच्या कलेचं वर्ष कसं उभं करावं

आमच्या संग्रहाच्या जुन्या नोंदवहीत ४७ क्रमांकाला जलरंगातलं एक निसर्गचित्र आहे. कलाकाराच्या रकान्यात कुणीतरी लिहून ठेवलंय : ‘सौ., वकीलसाहेबांच्या’. एवढंच. पुढच्या पानावर एक वाकळ, म्हणजे गोधडी आहे, तिच्यापुढे ‘अज्ञात’. त्याच पानावरच्या पितळी समईला मात्र देणगीदाराचं तीन पिढ्यांचं नाव, गाव आणि हुद्दा.

साताऱ्यात कॉलेजच्या दोन खोल्यांमधला असा संग्रह मी शिकवता शिकवता सांभाळते. दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की कुणीतरी दारात येऊन म्हणतं, ‘मॅडम, आठ मार्चला महिलांचं काहीतरी लावा ना.’ मग घाईघाईत पंधरा चित्रं, एक फ्लेक्स, गुलाबाची फुलं. आम्हीही दोन वर्षं तसं केलं. तिसऱ्या वर्षी ठरवलं, की हे वर्षभराचं काम आहे आणि त्याची सुरुवात भिंतीपासून नाही, नोंदवहीपासून करायची. विद्यापीठ मोठं असो की आमच्यासारख्या दोन खोल्या, क्रम तोच राहतो.

आधी वही

जूनमध्ये, कॉलेज सुरू होताना, दोन विद्यार्थी घेऊन बसा आणि सगळी नोंदवही नव्याने वाचा. प्रत्येक वस्तूला क्रमांक हवा. आम्ही वर्ष, त्या वर्षातली कितवी आवक आणि त्यातली कितवी वस्तू असा तीन भागांचा क्रमांक देतो : २०२५.१२.३. कागदावरच्या चित्राच्या मागे हा क्रमांक मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात लिहायचा. बॉलपेन कधीही नाही. त्याची शाई पुढच्या बाजूला उमटते. कापडावर काही लिहायचं नाही. सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत कोपऱ्यात दोन टाक्यांनी अडकवायची. सरकारी संग्रहालयांत सी-डॅक, पुणे यांनी तयार केलेली ‘जतन’ ही संगणकप्रणाली वापरतात. आमच्यासारख्यांचं काम साध्या एक्सेलवर चालतं, फक्त त्याची छापील प्रत दरवर्षी बांधून ठेवावी.

आता खरी मेख. बाईच्या नावासाठी एक रकाना पुरत नाही, चार लागतात : माहेरचं नाव, सासरचं नाव, चित्रावरची सही आणि घरात-गावात ज्या नावाने हाक मारत ते. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलायचं. मग एकाच बाईची शाळेतली चित्रं एका नावाने, नंतरची दुसऱ्या नावाने, आणि वहीत दोघी वेगळ्या. १९५५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलेल्या प्रफुल्ला जोशी आणि नंतरच्या प्रफुल्ला डहाणूकर एकच, हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक असतं, कारण त्या प्रसिद्ध होत्या. कोरेगावच्या चित्रकलेच्या बाईंबद्दल हे कोण सांगणार? उलट अंबिका धुरंधर बघा. १९१२ सालचा जन्म, १९३१ साली जे. जे.चा डिप्लोमा, त्या मार्गावरच्या अगदी पहिल्या मुलींपैकी. लग्न केलं नाही, सही शेवटपर्यंत एकच राहिली आणि शोधणाऱ्याचं काम सोपं झालं. त्यांचीही ओळख ‘चित्रकार रावबहादूर धुरंधरांची मुलगी’ अशी करून देतात, ते सोडा.

वही वाचून झाली की एक सहल काढा. औंधचं श्री भवानी संग्रहालय आपल्याच जिल्ह्यात, यमाईच्या डोंगरावर आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं. तिथे रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी ‘मदर अँड चाइल्ड’ आहे. विद्यार्थ्यांना वहीत दोन रकाने आखायला सांगा : ‘चित्रातली बाई’ आणि ‘चित्र काढणारी बाई’. दालनं फिरताना रेघा मारत जायच्या. परतीच्या गाडीत तुम्हाला भाषण करावं लागत नाही.

मग गाव

आमच्याकडे काहीच नाही, असं पहिल्यांदा वाटतं. सातारा-सांगलीत चित्रकार बायका शोधायच्या तर सगळ्यात आधी निवृत्त चित्रकला-शिक्षिकांकडे जा. ए. टी. डी. ही कलाशिक्षकाची पदविका घेऊन तीस-तीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना मुलं बसवलेल्या या बायकांच्या पलंगाखाली ट्रंका असतात आणि ट्रंकेत स्वतःचं काम. ‘काही नाही हो, असंच वेळ जाईना म्हणून काढलेलं’, हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, योग्य घरी आलोय.

दुसरा शोध माळ्यावरचा. जुन्या वाड्यांतून भरतकामाच्या फ्रेमा, मण्यांची तोरणं, काचेखाली ठेवलेली क्रोशाची कामं निघतात. तिसरा वाकळींचा. पुण्यामुंबईकडे गोधडी म्हणतात ती आपल्याकडे वाकळ. तिची नोंद घेताना आजीजवळ बसून विचारायचं : वरचं लुगडं कुणाचं, आत काय भरलं, टाका कडेकडून आत घातला का, किती जणी बसल्या होत्या, किती महिने लागले. मोबाईलवर आवाज नोंदवा, पण आधी विचारून. आणि वरकड बायका पाणी-चहा आणत असतील तर त्यांनाही बसवा. अर्धी माहिती त्यांच्याकडेच असते. आजी एका गावची वाकळ दुसऱ्या गावच्या नावावर सांगत असली तर दुरुस्ती तिथूनच येते.

नाव का एवढं लावून धरायचं, याचं उदाहरण वारलीत आहे. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, सवाशिणी लिहीत. ते काम बायकांचंच. १९७०च्या दशकात ही चित्रं झोपडीच्या कुडावरून कागदावर आली आणि बाजारात पोचली, तेव्हा जी नावं गाजली ती बहुतेक पुरुषांची. जिव्या सोमा मशे थोर चित्रकार होते, त्यात शंकाच नाही. पण कुडावर लिहिणाऱ्या त्या सवाशिणींची नावं कुणी मागितलीच नव्हती. वाकळ भिंतीवर चढवताना आपण तेच करणार असू, तर ती आजीच्या पलंगावरच बरी.

कागदपत्रं

उसनं काम घेताना दोन प्रतींत करार करा, एक प्रत त्या बाईंकडे. त्यात एवढं हवं : कामाचं वर्णन आणि मापं (आधी उंची, मग रुंदी, सेंटीमीटरमध्ये), आणल्याची व परत देण्याची तारीख, विम्यासाठी किंमत, पाटीवर नाव कसं लिहायचं, फोटो काढायला व छापायला परवानगी आहे का. विमा भिंतीवरून निघाल्यापासून पुन्हा त्याच भिंतीवर टांगेपर्यंतचा हवा. फक्त दालनातल्या दिवसांचा विमा घेतला आणि चित्र टेम्पोत फुटलं, तर हाती काही लागत नाही.

त्याच वेळी, मालकिणीसमोरच, कामाची अवस्था लिहा आणि फोटो काढा : ‘वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन तपकिरी ठिपके, काचेला तडा, तार गंजलेली’. आम्ही एकदा हे न लिहिता एक भरतकाम आणलं. परत देताना घरच्यांनी एक डाग दाखवला. तो आधीचा होता की आमचा, आजही मला माहीत नाही. मान खाली घालून चहा प्यायले.

कॉपीराइटचं थोडक्यात. तयार चित्र विकत घेतलं किंवा भेट मिळालं म्हणून त्याचा कॉपीराइट तुमच्याकडे येत नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे तो चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यानंतर मोकळा. अमृता शेर-गिल १९४१ साली गेल्या, त्यांची चित्रं २००१ संपताच मोकळी झाली. अँजेला त्रिंदाद १९८० साली गेल्या, म्हणजे २०४० संपेपर्यंत थांबा. बी. प्रभा २००१ साली गेल्या, म्हणजे २०६१. कोळणींची त्यांची चित्रं फ्लेक्सवर सुंदर दिसतील, पण वारसांना विचारल्याशिवाय छापू नका. शेर-गिलची छपाई लावायची असेल तर वाचनकोपऱ्यात लावा आणि खाली ‘छापील प्रत’ असं स्पष्ट लिहा. मूळ चित्रांच्या रांगेत प्रत टांगली की शेजारच्या खऱ्या जलरंगाचा अपमान होतो.

मानधनाबद्दल माझं मत कडक आहे. साडी-नारळ द्या, जरूर द्या, पण तो मानधनाऐवजी नाही. प्रात्यक्षिकाला आलेल्या बाईला रक्कम आधी सांगा आणि तिच्या स्वतःच्या खात्यावर भरा. ‘मुलाच्या खात्यावर टाकलं तरी चालेल’ असं ती म्हणाली, तर पासबुक काढून द्यायला एक विद्यार्थिनी सोबत पाठवा.

भिंत

किती कामं मावतील, हे आधी कागदावर काढा. २० बाय ३० फुटांच्या खोलीच्या भिंती एकूण १०० फूट. दारं-खिडक्या-कपाट २५ फूट गेले, उरले ७५. चित्र सरासरी दोन फूट रुंद आणि मध्ये एक फूट जागा धरली तर २५ चित्रं. चाळीस जमली असतील तर पंधरा पुढच्या वर्षी. एकावर एक टांगू नका. ज्या बाईचं काम छताजवळ गेलं, तिला कळतं ते का गेलं.

चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटीमीटरवर ठेवला की उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो. खिळ्याची उंची अशी काढा : १५० अधिक चित्राची अर्धी उंची, त्यातून वजा करायचं ते ताणलेली तार चौकटीच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते ते अंतर. चित्र ६० सेंटीमीटर उंच आणि तार ८ सेंटीमीटर खाली असेल तर १५० + ३० − ८ = १७२. गवंड्याकडून पाणसळ मागून आणा. मोबाईलमधली लेव्हल जुन्या वाड्याच्या भिंतीपुढे हात टेकते.

जलरंग, छापील चित्रं, कापड यांच्यावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास हवा, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. मोबाईलवरचं मोजमापाचं ॲप अगदी अचूक नसलं तरी अंदाज देतं. ५० लक्स म्हणजे सुरुवातीला अंधारच वाटतो. बाहेरच्या पडवीतला उजेडही थोडा कमी केला तर डोळे सरावतात. उन्हाचा पट्टा ज्या भिंतीवर फिरतो ती सरळ सोडून द्या, किंवा खिडकीला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा.

जुनी फ्रेम उघडली की पाठीमागे बहुतेक वेळा हार्डबोर्ड आणि पिवळी पडलेली सेलोटेप सापडते. कागदावरचे तपकिरी ठिपके पुष्कळदा तिथल्याच आम्लामुळे आणि दमटपणामुळे येतात. आम्लविरहित माउंट बोर्ड घ्या, तो महाग असतो, पण चित्र काचेला चिकटत नाही. चित्र बोर्डावर चिकटवायचं नाही. कोपऱ्यात कागदी खोपे करून त्यात अडकवायचं. चिकटलेली टेप ओढून काढू नका आणि बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका. असं काम जाणकाराकडे द्यायचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचं केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. विचारणा केली तर वाट सापडते.

वाकळीला खिळा मारणारे लोक मी पाहिलेत. वाकळ जड असते, दोन कोपऱ्यांवर टांगली की तिथलं जुनं लुगडं विरत जातं. चार इंच रुंदीची धुतलेली मांजरपाटाची पट्टी घ्या, वाकळीच्या मागे वरच्या कडेला, सगळ्या थरांतून टाका घेत शिवा आणि लेंग्याच्या नेफ्यासारखी पोकळी ठेवा. तीतून लाकडी गोल काठी किंवा अॅल्युमिनियमचा पाइप घालून दोन्ही टोकांना टांगा. वजन सगळ्या रुंदीवर बसतं. दोन-तीन महिन्यांनी उतरवून तिला आराम द्या.

कसर लागल्याची शंका आली तर वाकळ आधी पूर्ण कोरडी करायची, मग जाड प्लास्टिकमध्ये हवा काढून घट्ट बांधायची आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव बाहेरच्या प्लास्टिकवर बसतं. आमच्यासाठी ही सोय आइस्क्रीमवाल्याने केली. मे संपल्यावर त्याच्याकडे जागा होते. चित्रांना हा उपाय करायचा नाही, रंग तडकतात.

पाटी

‘महिला चित्रकार’ असं कुठेही लिहू नका. दाराशी प्रदर्शनाचं नाव आहे, तेवढं पुरे. पाटीवर फक्त : नाव, जन्म-मृत्यूची सालं, कामाचं नाव, साल, माध्यम, मापं, कुणाच्या संग्रहातून. खाली चाळीस-पन्नास शब्द. ‘प्रपंच सांभाळून’ हे दोन शब्द आमच्याकडे बंद आहेत. पुरुषांच्या पाटीवर ते कधी दिसतात का? त्याऐवजी आजीने सांगितलेलं एखादं नेमकं वाक्य घाला. एका वाकळीच्या पाटीवर आम्ही लिहिलं होतं, की मधला हिरवा तुकडा हा पहिल्या बाळंतपणातल्या लुगड्याचा. लोक तिथे थांबायचे. अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको, आणि मराठी वर. नाव कळलंच नसेल तर ‘अज्ञात’ऐवजी काय कळलंय ते लिहा : ‘कर्तीचं नाव शोधत आहोत. वाकळ माण तालुक्यातून आली. आपल्याला माहिती असल्यास वहीत लिहा.’ पाटीखाली वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. ४७ क्रमांकाच्या चित्राखाली अशी वही ठेवली, तर दहाव्या दिवशी तीत कुणीतरी लिहून गेलं : ‘ही आमच्या आत्याची आई. नाव विचारून सांगतो.’

ऋतूप्रमाणे कार्यक्रम

मुख्य प्रदर्शन आम्ही ३ जानेवारीला उघडतो. सावित्रीबाई फुले यांचा जन्म याच दिवशी, १८३१ साली, आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावचा. ८ मार्चला उघडलं तर बारावीची परीक्षा, कॉलेजची परीक्षा आणि आठ ठिकाणचे आठ कार्यक्रम यांत ते हरवतं. ३ जानेवारीला उघडून ८ मार्चला बंद करा. नऊ आठवडे कागदाला आणि कापडाला सोसतात, हवा कोरडी असते आणि शाळांच्या सहली याच दिवसांत फिरतात. थंडीत बायकांना घरातून निघायला सोयीची वेळ दुपारी तीन ते पाच. ती वेळ ठेवा, शेवटच्या एस.टी.चा हिशेब धरा, बसायला खुर्च्या आणि स्वच्छ संडास ठेवा. कुठल्याही पाहुण्याच्या भाषणापेक्षा याने गर्दी जास्त वाढते.

चैत्रात चैत्रांगण. तुळस, सूर्य-चंद्र, गोपद्म, कासव, शंख, पाळण्यातली गौर… कोणत्या घरात कोणती चिन्हं, कोणत्या क्रमाने, हे ज्येष्ठ बायकांकडून काढून घ्या. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाणार, त्यामुळे नोंद हाच संग्रह. शिडीवरून अगदी सरळ वरून फोटो, शेजारी मापाची पट्टी, नाव लिहिलेली चिठ्ठी, आणि हाताचा व्हिडिओ पहिल्या चिमटीपासून. मेमध्ये मुलांचे वर्ग सकाळी आठ ते दहा, नंतर पत्रा तापतो.

जून ते सप्टेंबर उसनं काम आणायचं नाही. पावसाळ्यात आमच्या खोलीतला आर्द्रतेचा काटा ८०च्या वर जातो, आणि ६५च्या वर तो टिकून राहिला की बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीवरच्या फ्रेमांच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळते. हे महिने हाताच्या कामाचे : बेंदराला मातीचे बैल, पंचमीला भिंतीवरच्या नागाची चित्रं, आणि दर शनिवारी वाकळ. मोठ्या टेबलाभोवती बायका बसतात, विद्यार्थी धावदोरा शिकतात आणि मागे एकीचं बोलणं नोंदवलं जातं. मुलगे आधी लाजतात. सुईत दोरा ओवायला दिला की बसतात.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात म्हणजे कास. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटाच्या यादीत घेतलेलं हे पठार आपल्या दाराशी आहे, मग फुलांची चित्रं साताऱ्यात काढायची नाहीत तर कुठे? आठवड्याच्या मधल्या दिवशी, आगाऊ नोंदणी करून, पंधराच्या गटाने जा. फूल तोडायचं नाही, गवतात पाऊल टाकायचं नाही. वाटेवर बसून तेरडा, सोनकी, सीतेची आसवं काढा. सीतेच्या आसवांचं फूल नखाएवढंही नसतं, आणि मातीतल्या त्याच्या पिशव्या बारीक जीव पकडतात. ते कळल्यावर विद्यार्थिनी पुन्हा वाकून बघतात. पाटीवर शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या.

हस्त नक्षत्रात हादगा. पाटावरचा हत्ती मुलींनी काढायचा, गाणी अंगणात, आणि खिरापत दालनाबाहेर. आत प्रसादाचा एक दाणा सांडला तर दुसऱ्या दिवशी मुंग्या, तिसऱ्या दिवशी झुरळं. दिवाळीत सुट्टी असते, तेव्हा दालन बंद ठेवून उसन्या कामांचे करार सुरू करावेत. नोव्हेंबरात घरं रंगवून झालेली असतात, माळे साफ झालेले असतात आणि त्यांतून काय काय निघालं हे सगळ्यांच्या तोंडावर असतं.

उतरवणं

८ मार्चच्या संध्याकाळी फुलं वाटा, पण चित्रं त्याच रात्री उतरवू नका. दमलेले हात काचा फोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, दोघांनी मिळून, करारातला फोटो समोर ठेवून प्रत्येक काम तपासा. सुती चादरीत, मग बबल प्लास्टिकमध्ये; बबलचे फुगे थेट चित्राला टेकू द्यायचे नाहीत. कामं परत करायला शिपायाला एकट्याला पाठवू नका, स्वतः जा. घरी फ्रेम उघडून दाखवा, सही घ्या, पाटीची एक प्रत द्या. पुष्कळ घरांत ती पाटी नंतर चित्राच्या खाली लावलेली दिसते.

मग ऑफिसात येऊन वही उघडायची आणि अभिप्रायाच्या वह्यांतलं जे पडताळून झालंय ते मूळ नोंदवहीत चढवायचं. जुनं खोडरबरने पुसायचं नाही. एक रेघ मारायची, वर नवं लिहायचं, तारीख आणि आपली सही करायची. ४७ क्रमांकावर ‘वकीलसाहेबांच्या’वर आता रेघ आहे. वर माहेरचं नाव आलंय, सासरचं आलंय, सहीचा रकाना भरलाय. हाक मारायचं नाव अजून रिकामं आहे. आत्याबाई कऱ्हाडला असतात, एप्रिलमध्ये जायचंय.